‘ऑन युवर लेफ्ट’ म्हटलं की माणसं डावीकडे का सरकतात?

मागच्या ऑक्टोबरमधली संध्याकाळ. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात रेस्टनहून ऑफिस सुटल्यावर सायकलवर घरी निघाले होते. हर्नडनमधला रेल्वेचा लाल डबा मागे पडला होता, दुपारी पाऊस होऊन गेला होता आणि ट्रेलवर, म्हणजे चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या सामायिक वाटेवर, मेपलची ओली पानं चिकटून बसली होती. पुढे आजी-आजोबा आणि ढकलायच्या स्कूटरवर एक नातू, असे तिघं चालले होते. मी सात-आठ फुटांवर पोचल्यावर घंटी वाजवली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे ओरडले, “ऑन युवर लेफ्ट!” आजी दचकल्या आणि झटकन डावीकडे सरकल्या. थेट माझ्या चाकासमोर.

मी ब्रेक दाबला, मागचं चाक पानांवरून घसरलं आणि मी गवतात आडवी झाले. कोपर खरचटलं. आजींना धक्काही लागला नाही, हे नशीब. त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई! लागलं का गं बाळा?” मी पडल्या पडल्याच विचारलं, “आजी, तुम्ही मराठी?” त्या साताऱ्याच्या. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मला हात देऊन उठवताना त्यांनी अगदी कळकळीने सांगितलं, “तू लेफ्ट लेफ्ट ओरडलीस ना, म्हणून मी लेफ्टला झाले.”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या रात्री कोपराला हळद लावून बसले आणि पहिल्यांदा नीट विचार केला, की रोज सकाळ-संध्याकाळ ज्या रस्त्याने मी जाते, तो चालतो तरी कसा? आपल्यापैकी कितीतरी जण व्हर्जिनियाच्या या भागात राहतात. स्टर्लिंग, ॲशबर्न, हर्नडन, रेस्टन. आता बरेच जण सायकलवर ऑफिसला जाऊ लागलेत आणि आपले आई-बाबा त्याच ट्रेलवर फिरायला जातात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या ‘लेफ्ट’चा उलगडा. सायकलवाला म्हणतो त्याचा पूर्ण अर्थ असा: “मी तुमच्या डाव्या बाजूने पुढे जातोय, तुम्ही आहात तिथेच राहा.” पण वाक्यातला महत्त्वाचा अर्धा भाग, म्हणजे ‘तिथेच राहा’, तो बोलतच नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर पडते ती फक्त एक दिशा. दचकलेला माणूस व्याकरण लावत बसत नाही, ऐकलेल्या दिशेला सरकतो. इथे जन्मलेल्यांचंही असं होतं. आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते. भारतात वाहनं डावीकडून चालतात. मागून हॉर्न वाजला की डावीकडे सरकायचं, येणारा उजवीकडून निघून जाईल, हे आपल्या पायांना लहानपणापासून ठाऊक. अमेरिकेत सगळं उलट. हळू जाणाऱ्याने उजवीकडे राहायचं आणि मागचा डावीकडून पुढे जाणार. म्हणजे साठ-सत्तर वर्षांची सवय त्या आजींना नेमकी चुकीच्या बाजूला घेऊन गेली, आणि माझ्या ओरडण्याने तिला दुजोरा दिला.

आता हा रस्ता. नाव ‘वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेल’, सगळे ‘डब्ल्यू अँड ओडी’ म्हणतात. आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत 45 मैल, म्हणजे सुमारे 72 किलोमीटर. इथून पूर्वी याच नावाची रेल्वे धावायची, ती 1968 मध्ये बंद पडली. रूळ निघाले, जमीन राहिली. 1974 मध्ये फॉल्स चर्च नावाच्या गावात ट्रेलचा पहिला तुकडा खुला झाला आणि 1988 पर्यंत तो पर्सेलव्हिलला पोचला. रेल्वेचा इतिहास सांगायचं कारण आहे. आगगाडीला तीव्र चढ आणि गिरकीची वळणं झेपत नाहीत, म्हणून तिचा मार्ग लांबच लांब सरळ आणि सौम्य उताराचा आखतात. सायकलीसाठी यापेक्षा सुख नाही. पेडल फारसं न मारताही वेग चढतो, आणि चढलाय हे लक्षातही येत नाही.

पण बांधलाय तो बाग म्हणून. डांबरी पट्टी बहुतेक ठिकाणी सुमारे 10 फूट रुंद. तिच्यावर बाबागाड्या, धावणारे, कुत्री, स्केट्सवाली मुलं, संध्याकाळी शतपावली करणारी आपली मंडळी, आणि माझ्यासारखे, ज्यांना साडेआठची मीटिंग गाठायची आहे. एकाच पट्टीला कुणी अंगण समजतं, कुणी हमरस्ता. दोघंही बरोबर आहेत, आणि अडचण तिथेच आहे.

या 10 फुटांचं गणित जरा बघू. अमेरिकेतल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची ‘ॲश्टो’ नावाची संघटना आहे. सायकलमार्ग कसे बांधायचे याची तिची मार्गदर्शिका सगळे अभियंते वापरतात. तीत म्हटलंय, की समोरून कुणी येत असताना तुम्हाला तिसऱ्या कुणाला ओलांडून जायचं असेल तर किमान 11 फूट रुंदी हवी. म्हणजे 10 फुटांच्या पट्टीवर दोघं आरामात मावतात, तिघं एका ओळीत मावत नाहीत. आणि ओव्हरटेक करताना नेमके तिघंच एका ओळीत येतात: चालणारा, मी आणि समोरून येणारा. ट्रेलवर जीव मुठीत धरायला लावणारे मी पाहिलेले जवळजवळ सगळे प्रसंग या एका फुटाच्या कमतरतेतून आलेले आहेत.

मग ओलांडायचं कधी? समजा माझा वेग ताशी 24 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसात मीटर. पुढे चालणारा ताशी 5 किलोमीटरने जातोय. त्याच्या दहा मीटर आधी मी डावीकडे निघाले आणि त्याच्या दहा मीटर पुढे जाऊन परत उजवीकडे आले, तर त्याला जवळजवळ चार सेकंद लागतात. चार सेकंद मी उलट्या बाजूला असते. तेवढ्यात माझ्यासारखीच सायकल समोरून येत असेल, तर आम्हा दोघांमधलं पन्नासेक मीटर अंतर संपलेलं असतं. थोडक्यात, समोर साठ-सत्तर मीटर मोकळं स्वच्छ दिसत नसेल तर निघायचंच नाही. वळणावर, पुलाच्या चढावर, झाडीत तर नाहीच. चालणाऱ्याच्या मागे त्याच्याच वेगाने राहायचं, समोरचा जाऊ द्यायचा, मग निघायचं.

“इतकं थांबत बसले तर ऑफिसला कधी पोचणार?” हे मीही म्हणायचे. मग एक आठवडा मोजलं. माझा प्रवास साडेपाच मैलांचा, पंचवीस मिनिटांचा. वाटेत असं थांबावं लागतं ते दहा-बारा वेळा, दर वेळी पाच-सहा सेकंद. झाली फार तर सव्वा मिनिट. रेस्टनच्या एका सिग्नलला याहून जास्त वेळ जातो.

घंटीचंही तसंच आहे, कधी वाजवता यावर सगळं अवलंबून. चालणाऱ्याच्या आणि माझ्या वेगातला फरक सेकंदाला सव्वापाच मीटर. मी आजींच्या मागे सात-आठ फुटांवर, म्हणजे दोन-अडीच मीटरवर घंटी वाजवली. मी त्यांना अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ दिला! एवढ्यात माणूस फक्त दचकू शकतो. आवाज ऐकायचा, तो आपल्यासाठी आहे हे कळायचं, मागे वळून बघायचं, नातवाचा हात धरायचा, बाजूला व्हायचं, याला तीन-चार सेकंद तरी हवेत. म्हणून घंटी वीस मीटर आधी. ट्रेलवर अंतराचा अंदाज येत नसेल तर चार-पाच मोटारी एकामागे एक उभ्या असल्याचं डोळ्यांसमोर आणा. एकदा वाजवायची, वेग कमी करायचा, आणि समोरच्याने ऐकलं याची खूण दिसते का ते पाहायचं. मान हलली, खांदा वळला, हात वर झाला, काहीतरी दिसतं. काहीच नाही दिसलं तर कानात इअरफोन आहेत असं धरून चालायचं, पुन्हा वाजवायची आणि चालण्याच्या वेगाने पुढे व्हायचं. हा नुसता शिष्टाचार नाही. व्हर्जिनियाच्या कायद्यातच लिहिलंय, की सामायिक मार्गावर सायकलस्वाराने पादचाऱ्याला आधी वाट द्यावी आणि त्याला ओलांडण्यापूर्वी ऐकू येईल असा इशारा करावा.

ओरडण्यापेक्षा मी आता घंटीच पसंत करते, कारण तिला दिशा नाही आणि भाषा नाही. साताऱ्याच्या आजींना कळते, कोरियन आजोबांना कळते, अडीच वर्षांच्या पोराला कळते. पोरांच्या बाबतीत मात्र घंटीवर भिस्त ठेवू नका. मूल आवाज ऐकलं की आवाजाकडे वळतं, आणि जिकडे वळतं तिकडेच त्याची स्कूटर जाते. लहान मूल दिसलं की पाय पेडलवरून काढून तयार ठेवायचे. कुत्र्याचं टोक आणि मालकाचं टोक वेगवेगळ्या कडांना असेल तर मधे दोरी आहे हे गृहीत धरायचं. संध्याकाळच्या उजेडात ती बारीक दोरी खरोखर दिसत नाही. घोड्यांची गोष्ट निराळी. इथल्याच व्हिएन्ना नावाच्या गावापासून पुढे बऱ्याच भागात ट्रेलला लागून खडीची वेगळी वाट घोड्यांसाठी आहे, आणि घोडा घंटीने बुजू शकतो. तिथे हळू होऊन माणसाच्या आवाजात “हॅलो” म्हणायचं, म्हणजे मागून येणारं ते माणूस आहे हे त्याला कळतं.

आता माझ्या पडण्याकडे परत येते, कारण त्यातली दुसरी चूक मला कितीतरी दिवसांनी समजली. मी उजव्या हाताचा ब्रेक गच्च दाबला होता. मिरजेत शाळेला सायकलने जायचे तेव्हापासूनचा तो हात. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. अमेरिकेत विकतात त्या सायकलींना उजवा मागच्या चाकाचा आणि डावा पुढच्या चाकाचा! इथे इतकी वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं.

यात बिघडतं काय? ब्रेक लावला की सायकल आणि तुम्ही पुढे झुकता. वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाची रस्त्यावरची पकड सुटते, म्हणून एकट्या मागच्या ब्रेकने सायकल लवकर थांबत नाही, घसरते. ओल्या पानांवर तर घसरणारच. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे. लहानपणी आपल्याला सांगितलेलं असतं, “पुढचा दाबू नकोस, उलटशील.” एकदम कचकन दाबला तर उलटायची भीती खरी आहे. पण दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबले आणि बूड सीटवर जरा मागे सरकवलं, तर सायकल थोड्या अंतरात सरळ उभी राहते. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन वीस वेळा हा सराव करा. मी केला. हाताची जुनी सवय मोडायला दोन आठवडे लागले.

वेग आणि थांबायचं अंतर यांचं नातंही एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. ताशी 24 किलोमीटर वेगात, कोरड्या डांबरावर, समोर काही दिसल्यापासून सायकल थांबेपर्यंत साधारण 12 मीटर जातात. त्यातले निम्म्याहून जास्त तुमचं डोकं ‘अरे!’ म्हणेपर्यंतच्या एका सेकंदात. वेग 32 केलात, म्हणजे फक्त एक तृतीयांश वाढवलात, तर अंतर 19 मीटरच्या आसपास जातं. ब्रेकने खाल्लेलं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं म्हणून असं. ई-बाइकवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं. इथे ई-बाइकचे तीन वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांत मोटरची मदत ताशी 20 मैलांपर्यंत म्हणजे 32 किलोमीटरपर्यंत मिळते, तिसऱ्यात 28 मैलांपर्यंत म्हणजे 45 किलोमीटर. शिवाय गाडी वीस-पंचवीस किलोची. ई-बाइकमुळे साठीतले लोक चढ चढून ऑफिसला जाताना मी पाहते आणि मला मनापासून आनंद होतो. पण साध्या सायकलवर तो वेग गाठायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत ब्रेक मारायची समजही येते. ई-बाइकवर वेग पहिल्या दिवशी हातात येतो, समज नंतर.

आतापर्यंत सगळं ट्रेलवरचं बोलले. जिवावरचा धोका मात्र ट्रेल मोटाररस्त्याला छेदतो तिथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

चार पदरी रस्ता आहे. तुम्ही क्रॉसिंगला उभे आहात. जवळच्या पदरातली मोटार थांबते, आतली बाई हसून हात करते, ‘जा तुम्ही.’ भली बाई आहे. तुम्ही तिला बरं वाटावं म्हणून घाईने निघता. शेजारच्या पदरातून त्याच दिशेने दुसरी मोटार येत असते. तिच्या चालकाला तुम्ही दिसत नाही, कारण मधे थांबलेली मोटार आहे, आणि ती मोटार कशाला थांबली हे त्याला माहीत नाही. तुम्हालाही तो दिसत नाही. हात करणाऱ्या बाईने फक्त स्वतःच्या पदराची हमी दिलेली असते. म्हणून थांबलेल्या मोटारीच्या नाकापर्यंत जायचं, तिथे परत थांबायचं, मान पुढे काढून पुढचा पदर बघायचा, मगच चाक पुढे. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी वाजवू दे.

दुसरा सापळा लाल सिग्नलवर उजवीकडे वळणाऱ्यांचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिवा असतानाही थांबून, बघून उजवीकडे वळता येतं. वळणारा बघतो डावीकडे, कारण गाड्या तिकडून येतात. त्याच्या उजव्या हाताने क्रॉसिंगवर आलेली सायकल त्याच्या नजरेच्या टप्प्यातच नसते. त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांना भिडेपर्यंत त्याच्या बॉनेटसमोर जायचं नाही.

आणि तिसरी गोष्ट वेगाची. व्हर्जिनियात क्रॉसिंगवरून जाणाऱ्या सायकलस्वाराला पादचाऱ्याचे हक्क आणि पादचाऱ्याचीच कर्तव्यं असतात. पण चालक क्रॉसिंगवर नजर टाकतो ती चालणाऱ्या माणसाच्या हिशेबाने. कडेच्या दोन-तीन मीटरांत कुणी नाही, म्हणजे रस्ता मोकळा, असं त्याला वाटतं. तुम्ही ताशी 20 किलोमीटरने येत असाल तर त्या क्षणी तुम्ही कडेपासून दहा मीटर मागे असता, आणि दोन सेकंदांनी त्याच्या समोर. हक्क तुमच्या बाजूने असला तरी त्याला तुम्हाला बघायला वेळच मिळालेला नसतो. क्रॉसिंगवर चालण्याच्या वेगाने उतरायचं, एवढंच करायचं.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे, पट्ट्या कानाखाली मिळाल्या पाहिजेत, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच ढील. आत जो पांढरा फोम असतो तो स्वतः चेपून धक्का शोषतो, आणि एकदा चेपला की परत फुगत नाही. माझ्या हेल्मेटवर बाहेरून ओरखडाही नव्हता, पण पडताना डोकं जमिनीला लागलं होतं, म्हणून मी ते टाकून नवं घेतलं. लॅपटॉप पाठीवर न घेता कॅरिअरच्या पिशवीत ठेवा. वजन खाली राहतं, पाठ घामेजत नाही आणि मागे वळून बघणं सोपं जातं. पाऊस लागला तर मेट्रोत सायकल घेता येते, 2019 पासून गर्दीच्या वेळीसुद्धा.

आजींनी मला त्या संध्याकाळी विचारलं होतं, “इतकी जागा आहे दोन्हीकडे, मग चालणाऱ्यांना वेगळी वाट का नाही करत?” प्रश्न अगदी मुळावर होता. फॉल्स चर्चमध्ये तेच केलंय. तिथे मैलभराहून थोड्या जास्त लांबीत सायकलींसाठी 11 फुटांची आणि चालणाऱ्यांसाठी 8 फुटांची वेगळी पट्टी आहे, मधे थोडी मोकळी जागा सोडून. मी एका रविवारी मुद्दाम तिथे जाऊन आले. घंटी एकदाही वाजवावी लागली नाही. जुन्या रेल्वेची जमीन शंभर फूट रुंद आहे, म्हणजे जागा कमी नाही. पैसा हवा आणि मागणी हवी. आपल्या गावच्या बैठकांत ट्रेलचा विषय निघतो तेव्हा उठून बोलायला हवं. मी जाते, तुम्हीही या.

शेवटचा विषय उजेडाचा, कारण वेळ तीच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. शुक्रवारी उजेडात घरी आलेला माणूस सोमवारी त्याच वेळी काळोखात निघतो. ट्रेलवर बहुतेक ठिकाणी दिवे नाहीत, आणि हा हरणांचा सैरावैरा धावायचा महिना. कायद्याने अंधारात पुढे 500 फुटांवरून दिसेल असा पांढरा दिवा आणि मागे लाल परावर्तक लागतोच. मागे लाल दिवाही लावा. पण दिवा कसा लावता हेही महत्त्वाचं. उघडझाप करणारा प्रखर झोत समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर त्याला तुमचं अंतर कळत नाही आणि पुढची काही सेकंदं ट्रेलची कडाही दिसत नाही. आजी-आजोबांना तर मुळीच नाही. दिवा स्थिर ठेवा, आणि सायकल भिंतीसमोर दहा पावलांवर उभी करून झोत हँडलच्या उंचीच्या खाली पडतोय ना ते बघा. वर जात असेल तर स्क्रू जरा ढिला करून दिवा खाली वाकवा, मग पुन्हा आवळा. बॅटरी आज रात्रीच चार्जिंगला लावा.